दुपारी तीननंतर डोके चालेनासे होते, ते पाण्यामुळे का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही ४१ वर्षांच्या आहात, वजन ५८ किलो आहे आणि नागपूरच्या एका शाळेत शिकवता. फेब्रुवारी संपल्यापासून दुपारी तीनच्या सुमारास डोके जड होते, उत्तरपत्रिकांवरच्या गुणांची बेरीज चुकते, वर्गातल्या मुलांवर विनाकारण आवाज चढतो आणि घरी आल्यावर कधी कधी रडू येते. मेंदूत तीन चतुर्थांश पाणी असते, म्हणून दिवसाला चार लिटर पाणी प्या, असा संदेश कोणीतरी पाठवला आणि तुम्ही आठ दिवस ते केलेही, परंतु फरक पडला नाही, उलट झोप मोडली. शेवटी तुम्ही सहज जोडलेले एक वाक्य आहे, की ७४ वर्षांच्या सासूबाई गेल्या चार दिवसांपासून दुपारी असंबद्ध बोलतात, तर तेही पाण्यामुळेच असेल का.

मी विदर्भात २६ वर्षे फिजिशियन म्हणून काम करतो आहे आणि या शेवटच्या वाक्याचेच उत्तर आधी देणार आहे, कारण तुमचा प्रश्न दोन आठवडे थांबू शकतो, सासूबाईंचा थांबू शकत नाही.

वयस्क माणूस चार दिवसांपूर्वीपर्यंत नीट बोलत होता आणि आता वेळकाळ विसरतो, संध्याकाळ झाली असताना सकाळ समजतो, मधेच झोपाळतो, मधेच चिडतो, तर त्याला म्हातारपण किंवा विसरभोळेपणा म्हणू नये. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी आणि वर्षावर्षांनी वाढतो. चार दिवसांत उद्भवलेला गोंधळ हा बहुतेक वेळा शरीरातल्या एखाद्या बिघाडाचा असतो, आणि त्या बिघाडांच्या यादीत मूत्रमार्गाचा किंवा फुप्फुसांचा जंतुसंसर्ग, रक्तातील साखर, एखाद्या गोळीचा परिणाम, पाण्याची कमतरता आणि रक्तातील सोडियम कमी होणे ही कारणे वरच्या ओळींत येतात. शेवटच्या दोन कारणांतला घोळ मला नीट समजावून सांगायचा आहे, कारण तिथेच घरचे लोक प्रेमापोटी चूक करतात.

एका मे महिन्यात एकाच आठवड्यात माझ्याकडे दोन वृद्ध रुग्ण आले. दोघेही सत्तरीच्या पुढचे, दोघेही गोंधळलेले, दोघांच्याही घरच्यांनी आधी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचे ठरवले होते. पहिल्याच्या शरीरात पाणी इतके कमी झाले होते की सोडियम वाढलेले होते. दुसऱ्या आजींचे सोडियम १२० च्याही खाली गेले होते, जे एरवी १३५ ते १४५ च्या दरम्यान असायला हवे. त्यांच्या मुलाने उन्हाळा म्हणून त्यांना तासातासाला तांब्याभर पाणी पाजले होते. त्या रक्तदाबासाठी मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी घेत होत्या, डॉक्टरांनी सांगितले म्हणून मीठ जवळजवळ बंद होते आणि तोंडाला चव नसल्यामुळे चहा-बिस्किटांपलीकडे काही खात नव्हत्या. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांत फरक दिसला नसता, पण एकाला पाणी हा उपाय होता आणि दुसरीला तेच पाणी घातक ठरत होते.

म्हणून सासूबाईंना आजच दाखवा. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, रक्तातील साखर, हिमोग्राम आणि लघवीची तपासणी एवढ्या गोष्टी तालुक्याच्या ठिकाणीही एका दिवसात होतात. रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. त्यांवर हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड यांपैकी एखाद्या मूत्रल औषधाचे नाव असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम दाखवा, परंतु गोळी स्वतःहून बंद करू नका. अहवाल येईपर्यंत त्यांना नेहमीच्या सवयीइतके पाणी आणि थोडे मीठ घातलेले ताक घोटघोट द्या, लिटरने पाजू नका. ताप अंगात भरला असेल, त्या जागेच होत नसतील, झटका आला असेल किंवा घोटही गिळता येत नसेल, तर तपासणीची वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. तोंड सुकले आहे का, हाताची कातडी चिमटीत धरली तर लगेच खाली बसते का, या आपल्या घरगुती खुणा वृद्धांत भरवशाच्या नसतात, कारण वयाने कातडी तशीही सैल होते. तहानेवरही भरवसा ठेवता येत नाही, कारण वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते आणि पाणी खरोखर कमी झालेल्या आजी ‘मला नको’ असेच म्हणतात.

आता तुमच्याकडे येतो.

‘मेंदूत पाणी खूप असते म्हणून पाणी कमी झाले की मेंदू आधी बिघडतो’ हा युक्तिवाद ऐकायला सोपा आहे, पण तो टिकत नाही. स्नायूंमध्येही पाण्याचे प्रमाण जवळपास तेवढेच असते. एखाद्या अवयवात पाणी किती आहे, यावरून तो पाण्याच्या कमतरतेला किती हळवा आहे हे ठरत नाही. शरीर उलट रक्तातील क्षारांचे प्रमाण फार काटेकोरपणे सांभाळत असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातील काही पेशी हे प्रमाण सतत मोजतात, ते एक-दोन टक्क्यांनी वाढले तरी व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक अधिक प्रमाणात सुटते, मूत्रपिंडे पाणी राखून ठेवू लागतात, लघवी गडद होते आणि आपल्याला तहान लागते. निरोगी माणसाच्या बाबतीत ही व्यवस्था उत्तम चालते, मात्र तिला एक अट आहे. तहान लागल्यावर माणसाने पाणी प्यायले पाहिजे. तुम्ही नेमके तिथे थांबता आहात असे मला तुमच्या पत्रावरून वाटते, आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे.

त्याआधी पाणी कमी झाल्याने विचारशक्तीवर खरोखर काय परिणाम होतो, याबद्दल जे ठामपणे सांगता येते ते सांगतो. या विषयातले एक जुने आणि आजही उद्धृत होणारे काम आपल्याच देशातले आहे. दिल्लीच्या संरक्षण शरीरक्रियाविज्ञान संस्थेतील गोपीनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११ जणांच्या शरीरातील पाणी उष्णता, व्यायाम आणि पाण्यावरचे निर्बंध यांच्या मदतीने वजनाच्या एक, दोन, तीन आणि चार टक्क्यांपर्यंत कमी केले आणि मग त्यांची स्मरणशक्ती, अंकगणित आणि नजर-हाताचा मेळ तपासला. दोन टक्क्यांपासून पुढे कामगिरी स्पष्टपणे घसरली, आणि जितके पाणी कमी तितकी घसरण जास्त होती. तीस वर्षांनी, २०१८ मध्ये, अशा ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हाही घसरण मुख्यतः दोन टक्क्यांच्या पुढे दिसली आणि ती अवधान, नियोजनाची कामे आणि हालचालींतील अचूकता यांत अधिक होती. तुमच्या ५८ किलो वजनाच्या हिशेबाने दोन टक्के म्हणजे सव्वा लिटरच्या थोडे खाली. शाळेच्या एका दिवसात तुमचे इतके पाणी जात असेल असे मला वाटत नाही.

एक टक्का मात्र सहज जातो. एक टक्का म्हणजे तुमच्यासाठी जेमतेम ५८० मिलिलिटर. श्वासातून आणि त्वचेतून नकळत जाणारे पाणी दिवसाला साधारण पाऊण-एक लिटर असते, म्हणजे शाळेच्या सहा-सात तासांत पाव लिटर तेच. मूत्रपिंडे कितीही काटकसर करोत, लघवीवाटे आणखी शे-दीडशे मिलिलिटर तरी जाते. त्यात पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या छताखालच्या वर्गात उभे राहून सलग मोठ्याने बोलणे आणि मार्चमध्येच चाळिशीला टेकणारा आपला पारा. इथे विदर्भाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मुंबईत किंवा कोकणात घामाने कपडे अंगाला चिकटतात, म्हणून घाम गेल्याचे माणसाला कळते. आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की घाम त्वचेवर दिसण्याआधीच वाळून जातो. ‘मला घामच येत नाही’ असे सांगणारे कितीतरी रुग्ण मी पाहतो, ज्यांच्या काळ्या शर्टावर संध्याकाळी मिठाची पांढरी रेघ उमटलेली असते.

मग एक-दीड टक्का पाणी कमी झाल्यावर काय होते? अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठात यावर दोन अभ्यास झाले, एक तरुण पुरुषांवर आणि दुसरा तरुण स्त्रियांवर. २६ पुरुषांमध्ये सरासरी १.५९ टक्के घट झाली, तेव्हा बारीक लक्ष ठेवण्याच्या कामात चुका वाढल्या, काही गोष्टी तात्पुरत्या लक्षात ठेवण्याचा वेग कमी झाला, थकवा आणि अस्वस्थता वाढली. २५ स्त्रियांमध्ये घट आणखी कमी, म्हणजे १.३६ टक्के होती, आणि त्यांच्या बहुतेक बौद्धिक चाचण्यांच्या गुणांत फरक पडला नाही. परंतु त्यांना थकवा जाणवला, मनाची प्रसन्नता घटली, डोके दुखले, लक्ष लागत नाही असे वाटले, आणि तेच काम त्यांना अधिक अवघड वाटू लागले. २०१२ मध्ये आलेला हा स्त्रियांवरचा अभ्यास मला तुमच्या पत्राच्या सर्वांत जवळचा वाटतो.

याला पूरक असा एक प्रयोग लंडनमध्ये किशोरवयीन मुलांवर झाला. व्यायामाने घाम गाळल्यावर त्यांना नियोजनाचे एक कोडे सोडवायला देऊन मेंदूचे एमआरआय चित्रण केले गेले. कोडे त्यांनी पूर्वीइतकेच चांगले सोडवले, पण त्यासाठी मेंदूच्या पुढच्या आणि वरच्या-मागच्या भागांत हालचाल जास्त दिसली. म्हणजे काम तेवढेच झाले, मात्र मेंदूला ते अधिक कष्टाने करावे लागले. तुमच्या दुपारी तीनच्या अवस्थेचे यापेक्षा चांगले वर्णन मला सापडत नाही. बेरीज तुम्हाला येते, ती बुद्धी कुठे गेलेली नाही. तीच बेरीज करायला अधिक ताण द्यावा लागतो आणि तो ताण देऊन झाल्यावर चौथ्या बाकावरच्या मुलाची खोडी सहन करण्याएवढा धीर शिल्लक राहत नाही. माझ्या अनुभवातही पाण्याची थोडी कमतरता आधी स्वभावात दिसते आणि हिशेबातली चूक त्याच्या मागून येते. घरचे लोक ‘बाबा हल्ली चिडचिडे झालेत’ एवढेच सांगतात, त्यांनी वीजबिल दोनदा भरले हे नंतर कळते.

या सर्व अभ्यासांना मर्यादा आहेत आणि त्या लपवून मी सल्ला दिला तर तो प्रामाणिक होणार नाही. भाग घेणाऱ्यांची संख्या थोडी, ते बहुतेक तरुण आणि तंदुरुस्त, पाणी कमी करण्यासाठी वापरलेली उष्णता आणि व्यायाम हेच मुळात थकवणारे, आणि ज्याला तहान लागली आहे त्याला आपण तहानलेले आहोत हे ठाऊक असते. कनेक्टिकटच्या संशोधकांनी काही वेळा मूत्रल औषध आणि काही वेळा निष्क्रिय गोळी देऊन हा दोष कमी करायचा प्रयत्न केला, तरी तो पूर्ण जात नाही. तेव्हा पाणी कमी पडल्याने थकवा, डोकेदुखी आणि चिडचिड वाढते हे मी तुम्हाला बऱ्यापैकी खात्रीने सांगतो, पण पाणी वाढवल्याने निरोगी माणसाची बुद्धी अधिक तल्लख होते असे सांगणार नाही.

आता तुमच्या चार लिटरच्या प्रयोगाकडे पाहू. तुम्ही लिहिले आहे की शाळेत पाणी पिणे जमत नाही, म्हणून घरी आल्यावर संध्याकाळी सहा ते दहा या वेळात बहुतेक पाणी प्यायले. तो प्रयोग फसण्याचे कारण याच वाक्यात आहे. शरीरात पाण्याची टाकी नसते, की संध्याकाळी भरली आणि उद्या दुपारी वापरली. एक लिटर पाणी घाईने प्यायले तर रक्तातील क्षारांचे प्रमाण किंचित उतरते, व्हॅसोप्रेसिन थांबते आणि दोन-तीन तासांत त्यातले बरेचसे पाणी लघवीवाटे निघून जाते. परिणामी दुपारची कमतरता जशीच्या तशी राहिली आणि रात्री तीन-चारदा उठावे लागले. मोडलेली झोप चिडचिड आणि विसराळूपणा जितका वाढवते तितका अर्धा लिटर पाण्याची कमतरता वाढवत नाही. म्हणजे तुम्ही दुखण्यावर उपाय करताना दुसरे, अधिक मोठे दुखणे ओढवून घेतले. त्यात तुमचा दोष नाही, सल्ला देणाऱ्याने वेळ सांगितली नव्हती.

चार लिटर हा आकडाही कोणत्याच पायावर उभा नाही. दिवसाला आठ ग्लास पाणी प्यावे या प्रचलित नियमाला वैज्ञानिक आधार आहे का, याचा शोध हाइन्झ वाल्टिन या मूत्रपिंडांच्या अभ्यासकाने २००२ मध्ये घेतला आणि निरोगी प्रौढांसाठी तसा आधार त्यांना सापडला नाही. १९४५ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि पोषण मंडळाने दिवसाला अडीच लिटर पाणी सुचवले होते, पण त्यातले बहुतेक अन्नातूनच मिळते असेही तिथेच नमूद केले होते, आणि ते वाक्य पुढे गळून पडले असावे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचा अंदाज स्त्रियांसाठी दिवसाला दोन लिटर आणि पुरुषांसाठी अडीच लिटर असा आहे, आणि त्यात अन्नातले पाणी धरलेले आहे. तोही समशीतोष्ण हवेसाठी. नागपूरच्या उन्हाळ्यात तो वाढवावा लागतो, परंतु किती, हे तुम्ही कूलरसमोर बसता की मैदानावर कवायत घेता यावर ठरते. जास्तीच्या बाजूनेही धोका असतो हे सासूबाईंच्या संदर्भात सांगितलेच आहे. तरुण आणि धडधाकट माणसेही त्यातून सुटत नाहीत. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचे सोडियम शर्यत संपताना कमी झालेले आढळले, आणि त्याचा संबंध शर्यतीत अति पाणी पिण्याशी होता.

आता मी ज्याला तुमचा खरा प्रश्न समजतो तो. तुम्ही एका ओळीत लिहिले आहे की शाळेत शिक्षिकांसाठी एकच स्वच्छतागृह आहे, त्याला आतून कडी नाही आणि दुपारनंतर तिथे पाणी नसते. म्हणून तुम्ही सकाळी नऊनंतर पाणी पिणे टाळता आणि भरून नेलेली बाटली भरलेलीच घरी येते. ताई, माझ्याकडे येणाऱ्या शिक्षिका, परिचारिका, एसटीतल्या महिला वाहक, बंदोबस्तावरच्या महिला पोलीस आणि बाजारात भाजी विकणाऱ्या बाया यांच्यात ही गोष्ट इतकी सर्रास आहे, की डोकेदुखी किंवा लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला मी ‘पाणी किती पिता’ असे विचारणे सोडून दिले आहे. मी विचारतो, ‘कामाच्या ठिकाणी लघवीला किती वेळा जाता?’ आणि बहुतेक वेळा उत्तराआधी थोडी शांतता असते. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत मी हा प्रश्न विचारत नव्हतो. ‘पाणी भरपूर प्या’ असे चिठ्ठीवर लिहून त्यांना परत पाठवत होतो, आणि त्या पुन्हा तीच तक्रार घेऊन येत होत्या. त्याचे मला आजही वाईट वाटते.

मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ या नावाने स्त्रियांनी सार्वजनिक मुताऱ्यांसाठी चळवळ उभी केली, तेव्हा अनेकांना तो शहर नियोजनाचा विषय वाटला. मला तो माझ्या बाह्यरुग्ण विभागातला विषय वाटतो. लघवी तासन्‌तास रोखून धरणे आणि त्यासाठी पाणी तोडणे यातून मूत्रमार्गाचा संसर्ग आणि मुतखडा होतो हे लोकांना ठाऊक असते. त्याच सवयीने दुपारची माणुसकीही थोडी आटते, हे मात्र कोणी बोलत नाही. तुम्ही इतर शिक्षिकांना सोबत घेऊन मुख्याध्यापकांना कडी आणि पाणी या दोनच गोष्टींसाठी लेखी अर्ज द्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे सुरक्षित पाणी हे शाळेच्या मान्यतेचे निकष आहेत, त्याचा उल्लेख करा. तुमच्या वर्गातल्या सातवी-आठवीच्या मुलीही तुमच्याप्रमाणेच बाटली भरलेली घरी नेत असतील, याची मला जवळजवळ खात्री आहे. २०१९ मध्ये केरळच्या शाळांत मुलांनी पाणी प्यावे म्हणून दिवसातून काही वेळा खास घंटा वाजवायला सुरुवात झाली. ती कल्पना चांगली आहे, मात्र शौचालय वापरण्यासारखे नसेल तर घंटेने मुली पाणी पिणार नाहीत.

कडी बसेपर्यंत काय करायचे, तेही सांगतो. उठल्यापासून शाळेला निघेपर्यंत दोन-अडीच तासांत दोन ग्लास पाणी सावकाश प्या. निघण्याच्या अर्धा तास आधी पिणे थांबवा आणि लघवीला जाऊनच निघा, म्हणजे पहिल्या दोन तासिका निर्धास्त जातील. शाळेत पोहोचल्यावर दर तासिकेनंतर तीन-चार घोट घ्या. एकदम ग्लासभर पाण्याने मूत्राशय लवकर भरते, घोटघोट प्यायलेले पाणी शरीर अधिक राखून ठेवते. मधल्या सुट्टीत डब्यासोबत ताक असू द्या. ताकात पाण्याबरोबर मीठ, थोडे पोटॅशियम आणि प्रथिने असल्यामुळे ते साध्या पाण्यापेक्षा थोडे जास्त वेळ टिकते, आणि आपल्या आज्या भर उन्हाळ्यात ज्वारीचे आंबील आणि ताक का देत होत्या हे यावरून लक्षात येते. डब्यात कोरडी पोळी-भाजी असेल तर सोबत काकडी किंवा कलिंगडाच्या फोडी न्या, दोन्हींत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. वरण, आमटी, कढी हेही पाणीच आहे. संध्याकाळी घरी आल्यावर पन्हे किंवा लिंबाचे सरबत घ्या आणि रात्री आठनंतर फक्त तहानेपुरते प्या.

चहाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण ती शंका प्रत्येकाच्या मनात असते. रोज चहा पिणाऱ्याच्या शरीरातून दोन-तीन कप चहा पाणी काढून घेत नाही, तो पाण्याच्या हिशेबात धरायला हरकत नाही. फक्त दुपारी चारनंतरचा चहा तुमची झोप उडवत असेल तर तो टाळा. जीवनरक्षक द्रावण, म्हणजे ओआरएस, तुम्हाला रोज घ्यायची गरज नाही. ते जुलाब-उलट्यांसाठी आणि उन्हात तासन्‌तास अंगमेहनत करणाऱ्यांसाठी आहे. गरज पडली तर पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिलेले आहे का ते बघूनच घ्या, कारण तशाच दिसणाऱ्या डब्यांत नुसते गोड सरबत असू शकते.

हे पुरेसे होते आहे का, हे तपासायला दोन साध्या गोष्टी आहेत. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर वजन करा आणि शाळेतून आल्याबरोबर, काही खाण्यापिण्याआधी आणि लघवीला जाऊन, पुन्हा करा. मधल्या वेळातले खाणे त्यात मिसळते, त्यामुळे हा आकडा अचूक नसतो, तरी संध्याकाळचे वजन सकाळपेक्षा अर्धा किलो किंवा अधिक कमी भरत असेल तर दिवसा पाणी कमी पडते आहे हे नक्की. दुसरी खूण लघवीच्या रंगाची. फिकट पिवळा असेल तर ठीक, राईच्या तेलासारखा गडद असेल तर कमी. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेत असाल तर रंगावर विसंबू नका, ती लघवी भडक पिवळी करते.

हा क्रम दोन आठवडे पाळा आणि रोज दुपारी तीन वाजता वहीत तीन नोंदी करा: डोके जड आहे का, चिडचिड दहापैकी किती, रात्री झोप किती तास झाली. आठवणीवर सोडले तर शेवटचा वाईट दिवसच लक्षात राहतो. तुमच्या वर्णनावरून माझा कयास असा आहे, की डोकेदुखी आणि जडपणा पहिल्या चार-पाच दिवसांत कमी होईल, चिडचिड थोडी सावकाश उतरेल.

ती उतरली नाही, तर पाणी आणखी वाढवू नका, दुसरी कारणे शोधा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, रक्तक्षयी आढळल्या. ४१ व्या वर्षी पाळीत रक्तस्राव वाढलेला असेल तर ही शक्यता आणखी बळावते. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, जीवनसत्त्व बी-१२ आणि साखर एवढ्या तपासण्या करून घ्या, आणि तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ अजिबात चुकवू नका. यांपैकी कशातलाही बिघाड दुपारी डोके चालेनासे करू शकतो आणि कोणताही पाण्याने भरून निघत नाही.

आणि ते रडू येणे. तुम्ही ते जाता जाता लिहिले आहे, पण मी ते जाता जाता वाचलेले नाही. दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास राहत असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नसेल, पहाटे जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. पाण्याचा प्रयोग पुरा होईपर्यंत त्यासाठी थांबू नका. डॉक्टरांसमोर बोलायला अवघड वाटत असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तुम्ही मनोविकारासाठी लिथियमची गोळी घेत असाल, तर उन्हाळ्यात पाणी आणि मीठ या दोन्हींत अचानक मोठा बदल करू नका, कारण शरीरातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते आणि ते विषारी ठरू शकते. हृदय कमजोर असलेल्यांना आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना वरचे कोणतेच प्रमाण लागू नाही. त्यांचे पाणी त्यांच्या डॉक्टरांनी मोजून दिलेले असते.

तुमच्या नोंदी दोन आठवड्यांनी पाहू. सासूबाईंचा सोडियमचा आकडा आणि रक्तदाबाच्या गोळीचे नाव मात्र अहवाल हातात पडताच कळवा. त्यांना पाणी वाढवायचे की आवरायचे हे तुमचे डॉक्टर त्यावरूनच ठरवतील, आणि तुम्हाला काही शंका राहिली तर मी समजावून सांगेन.